आधी ताट, मग खाट : बेळगावात फ्लॅट घेऊन राहायचं असेल तर

बेळगावात आठवडा-पंधरा दिवसांसाठी फ्लॅट घेणारे बहुतेक लोक कामानं आलेले असतात. कुणाचा पेशंट नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलात असतो, कुणाच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं किंवा मेडिकलचं ॲडमिशन असतं, कुणाच्या घरचं लग्न असतं. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा, निपाणी, चिकोडी अशा चारी बाजूंनी माणसं येतात. फ्लॅट निवडताना ती फोटोतला पलंग बघतात, एसी आहे का ते बघतात आणि मोकळी होतात. तिसऱ्या दिवशी कळतं की सकाळच्या चहासाठी रिक्षा करावी लागते आहे आणि रात्री नऊनंतर जवळपास काहीच उघडं नाही.

एसी बेळगावात वर्षातले बरेच महिने लागतही नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, एप्रिल-मे सोडले तर पंख्यावर भागतं. जेवण मात्र रोज दोन वेळा लागतं. म्हणून आधी ताट ठरवा, मग खाट.

पहिलं काम : घरातला कोण काय खातो ते लिहून काढा

हे खरोखर कागदावर लिहा. पथ्याचं खाणारं माणूस कोण, लहान मूल आहे का, मांसाहार लागतो का, उपवास कुणाचा, सकाळी लवकर कोण उठतं. यावरून भाग ठरतो.

टिळकवाडी आणि हिंदवाडी मराठी कुटुंबाला सगळ्यांत सोयीची. फ्लॅटच्या इमारती भरपूर आहेत, सकाळी पोहे-उप्पीट-इडली आणि संध्याकाळी भेळ-पावभाजी चालत्या अंतरावर मिळते, दुकानदार मराठीत बोलतो. शाकाहारी माणसाला इथं काहीच अडत नाही.

कॅम्प हा जुना कँटोन्मेंटचा भाग. मोठी झाडं, बेकऱ्या, मांसाहाराची चांगली सोय आणि पुरोहित मिठाईवाल्यांचा कुंदा, म्हणजे दूध-साखर आटवून केलेली मिठाई. उंच इमारती इथं कमी, त्यामुळं फ्लॅटपेक्षा बंगल्यातला एखादा भाग मिळण्याची शक्यता जास्त.

खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली म्हणजे पोटापासून दुकानापर्यंत सगळं दारात. पण गाडी लावायला जागा नाही आणि सणासुदीला गल्लीतून चालणंही मुश्कील. स्वतःची चारचाकी घेऊन येणाऱ्यानं इथं राहू नये.

हॉस्पिटलच्या कामासाठी आलात तर नेहरूनगर, सदाशिवनगरातच राहा. चार गल्ल्या पलीकडं जास्त छान फ्लॅट दिसला तरी मोह नको. रात्री दोनला बोलावणं आलं तर पायी पोचता आलं पाहिजे. या भागात कन्नड जास्त कानावर पडतं, पण मराठी समजणारा माणूस सापडतोच.

शहापूर आणि वडगावात भाडं तुलनेनं कमी, माणसं मायाळू. मात्र हा विणकरांचा भाग आहे. शेजारी माग चालू असतील तर खटखट उशिरापर्यंत ऐकू येते. दिवसा बघायला गेलात तर रहदारीच्या आवाजात ती जाणवत नाही, म्हणून इथला फ्लॅट रात्री एकदा बघून यावा.

दुसरं काम : अंतर पायानं मोजा

‘हॉटेलं पाच मिनिटांवर’ असं जाहिरातीत असतं, पण ते गाडीचं अंतर असतं. पायी पाचशे मीटरला सात मिनिटं धरा, वयस्कर माणूस सोबत असेल तर दहा.

बेळगावात आणखी एक गोष्ट अंतर बदलून टाकते, ती म्हणजे रेल्वेचा रूळ. टिळकवाडीकडं पत्ता सांगायची रीतच पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशी आहे. नकाशावर हॉटेल चारशे मीटरवर दिसतं, पण मध्ये रूळ असेल तर गेटपर्यंत किंवा पुलापर्यंत जाऊन परत यावं लागतं. चारशेचे सहज हजार-बाराशे मीटर होतात. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘रुळाच्या कुठल्या अंगाला?’ आणि नकाशात अंतर काढताना गाडीचं चिन्ह बदलून चालणाऱ्या माणसाचं चिन्ह दाबा.

शोधताना गावाचं नाव दोन्ही तऱ्हेनं टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, पण जुन्या नोंदी अजून जुन्याच स्पेलिंगनं आहेत. रेल्वेचा कोड बीजीएम, विमानतळाचा आयएक्सजी. विमानतळ सांबऱ्याला, शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर.

पैसे देण्याआधी शक्य असेल तर त्या भागात तीन वेळा फिरून या. सकाळी सातला चहा-नाश्ता उघडा आहे का, दुपारी एकला जेवणाला रांग किती, रात्री साडेनऊला काय मिळतं. तिन्ही जमत नसतील तर रात्रीची फेरी तरी चुकवू नका, कारण उपाशी राहायची वेळ रात्रीच येते.

फिरताना ‘टु-लेट’बरोबर कन्नड पाट्याही दिसतील. लिपी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. ‘मने बाडिगेगे इदे’ म्हणजे घर भाड्यानं आहे. ‘लीज’ असं लिहिलं असेल तर ते वेगळं. त्यात मोठी रक्कम एकदम देऊन ठरावीक वर्षं दरमहा भाड्याशिवाय राहायचं असतं आणि सोडताना रक्कम परत मिळते. थोड्या दिवसांच्या मुक्कामाला त्याचा उपयोग नाही.

तिसरं काम : मांसाहाराबद्दल आधीच स्पष्ट बोला

यावरून जितके मुक्काम बिघडतात तितके दुसऱ्या कशानं बिघडत नसतील. लिंगायत, जैन, ब्राह्मण मालकांच्या बऱ्याच इमारतींत मांसाहार शिजवायला परवानगी नसते. काही ठिकाणी पार्सल आणून खाल्लेलंही चालत नाही. मालक फोनवर ‘फॅमिली असेल तर काही प्रॉब्लेम नाही हो’ एवढंच म्हणतो आणि रविवारी मटणाचा डबा उघडला की शेजारच्या काकू दार वाजवतात.

तीन प्रश्न वेगवेगळे विचारा : घरात शिजवलेलं चालतं का? बाहेरून आणलेलं चालतं का? अंडं चालतं का? उत्तर मेसेजवर घ्या. ‘आमच्यात चालत नाही बघा’ असं उत्तर आलं तर मन वाईट करून घेऊ नका. त्यांच्या घरात त्यांची रीत, आणि बाहेर जाऊन खायला जागा भरपूर आहेत.

चौथं काम : पाण्याचा हिशेब

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं. काही भागांत चोवीस तास, पण बऱ्याच भागांत दिवसाआड किंवा त्याहून जास्त अंतरानं. म्हणून ‘पाणी आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘आहे की’ हेच उत्तर येतं. हे विचारा : नळाला किती दिवसांनी येतं, संप किती लिटरचा, वरची टाकी किती फ्लॅटमध्ये मिळून आणि बोअर आहे का? जमिनीखालच्या टाकीला इकडं संप म्हणतात, हे लक्षात ठेवा.

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार माणसांचे ५४० लिटर झाले. हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. पाणी चौथ्या दिवशी येत असेल तर तुमच्या एका फ्लॅटच्या वाट्याला दोन हजार लिटरच्या वर साठा हवा, नाहीतर बोअर किंवा टँकर. जपून वापरलं, बादलीनं आंघोळ केली, तर माणशी ८० लिटरवर येता येतं. पण पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात हा संयम टिकत नाही.

बोअरचं पाणी स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आधी हाताला साबण लावून बघा. फेस येत नाही आणि हात चिकट राहतो, म्हणजे पाणी जड. असल्या पाण्यात डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणेदार राहते, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्याला घट्ट करून ठेवतं. पेशंटसाठी मऊ वरणभात करायचा असेल तर शिजवायला नळाचं नाहीतर वीस लिटरच्या जारचं पाणी घ्या, डाळ दोन तास भिजवा. चार माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून एक जार साधारण दिवसभर जातो.

पाचवं काम : गिझर बघितल्याशिवाय चावी घेऊ नका

कर्नाटकात सोलर हीटर बऱ्याच इमारतींवर असतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात तो उत्तम, पण जून ते सप्टेंबर बेळगावात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा दुसरी सोय काय, ते विचारा. विजेचा असेल तर दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं.

गॅस गिझर असेल तर मात्र थांबा आणि तो बसवला कुठं आहे ते बघा. बंद बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर जिवावर बेततो. गॅस जळताना आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, आणि माणूस दार उघडायच्या आत खाली पडतो. गिझर बाथरूमच्या बाहेर हवेशीर जागी असला आणि आत फक्त पाण्याचा पाइप आला असला तरच तो वापरा. आतच बसवलेला असेल तर मालकाला स्पष्ट सांगा की आम्ही चुलीवर पाणी तापवून घेऊ. थंडीत खिडकीची फट कागदानं बंद करायची सवय अनेकांना असते, ती अशा घरात अजिबात नको.

स्वयंपाकघरात शेगडीची नळी बघा. रबरी नळीला चिरा असतील, ती कडक झाली असेल किंवा पाच वर्षांहून जुनी असेल तर बदलून मागा. जोडाला साबणाचं पाणी लावून सिलिंडर उघडा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणं नको. सिलिंडर किती भरला आहे तेही विचारा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन त्याच्याच कड्यावर कोरलेलं असतं, त्यामुळं वजनकाट्यावर हिशेब लगेच निघतो.

सहावं काम : पैसे आणि कागद

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, लष्करी माणसं इथं नेहमीच घरं घेत-सोडत असतात. देशभर चाललेली एक फसवणूक इथं म्हणूनच खरी वाटते : ‘मी फौजेत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, फ्लॅट रिकामा आहे, टोकन पाठवा, चावी वॉचमनकडं.’ घर बघितल्याशिवाय रुपयाही पाठवू नका. स्वतः येता येत नसेल तर गावातल्या कुणा नातेवाइकाला पाठवा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना घालावा लागतो, घेताना कधीच नाही.

आधार मागतील. मास्क केलेली प्रत द्या, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. परदेशी पाहुणा असेल तर मालकाला चोवीस तासांच्या आत ठरलेल्या फॉर्मवर (जुनं नाव ‘फॉर्म सी’) त्याची सरकारकडं नोंद करावी लागते. तो टाळाटाळ करत असेल तर तिथं राहू नका.

आत शिरल्यावर सामान टाकायच्या आधी मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा : भिंतीची ओल, फुटकी फरशी, गादीवरचे डाग, नळ, फ्रिज. शेवटी हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, मीटरचा आकडा. निघताना पुन्हा मीटर. वीज वेगळी आकारणार असतील तर युनिटचा दर आधी ठरवून घ्या, नाहीतर अखेरच्या दिवशी वाद ठरलेला.

आता जेवणाचं

उत्तर कर्नाटकाची खानावळ हे बेळगावातल्या मुक्कामाचं खरं सुख. दुपारी साडेबारा ते अडीच ही तिची वेळ. त्यानंतर गेलात तर भाकरी कालच्या तव्यावरची लागते. ताटात ज्वारीची भाकरी येते, कन्नडमध्ये ‘जोळद रोट्टी’. सोबत एण्णेगाई, म्हणजे तेलावर परतलेली भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची पल्ल्या म्हणजे उसळ, शेंगदाण्याची चटणी, गुरेळ म्हणजे कारळ्याची काळसर चटणी, दही, आणि बाजूला कच्ची मेथीची पानं, कांदा, काकडी. मेथी शोभेची नाही. भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी-दही आणि वर मेथीची दोन पानं, असा घास घ्यायचा. भाकरी गरम आहे तोवर मोडायची, गार झाली की चामट होते. दोन भाकऱ्या झाल्या की भात, सारु म्हणजे पातळ आमटी, आणि ताक. ‘इन्नोंदु रोट्टी कोडी’ म्हणजे अजून एक भाकरी द्या. ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि हा शब्द वेळेवर म्हणा, नाहीतर वाढणारा थांबत नाही. तिखट सोसत नसेल तर ‘खारा कम्मी’.

खानावळ शाकाहारी आहे की मांसाहारी हे पाटीवर बघूनच आत जा. ‘लिंगायत खानावळ’ म्हणजे शुद्ध शाकाहारी. ‘सावजी’ म्हणजे मटण-चिकन, रस्सा चांगलाच झणझणीत. लहान मुलाला सावजीचा रस्सा देऊ नका, सुकं मटण दह्याबरोबर द्या. बिर्याणीसाठी नियाज हे नाव बेळगावचंच, आता ते दुसऱ्या शहरांतही गेलं आहे. रविवारी दुपारी जायचं असेल तर साडेबाराच्या आत टेबल धरा.

सकाळच्या नाश्त्याला शिरा-उप्पीट एकाच बशीत मागून बघा. गोड-तिखट आलटून पालटून खायची इथली जुनी सवय आहे.

स्विगी-झोमॅटो चालतात, पण गल्लीतल्या छोट्या खानावळी त्यावर फारशा नसतात. त्यांच्याकडं सकाळी दहाला फोन करून डबा सांगितला की ठरल्या वेळी स्टीलच्या डब्यात जेवण मिळतं. पेशंटसाठी कमी तिखट, कमी तेल हेही तेव्हाच सांगायचं. पार्सलच्या सांबाराची पिशवी रिक्षात हमखास सुटते, म्हणून झाकणाचा एक लिटरचा डबा बरोबर ठेवा.

उरलेल्या भाताची काळजी घ्या. शिजलेला भात बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. त्यात वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही आणि मग रात्रभर उलट्या. पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत एकदाच गरम करा.

घरी शिजवणार असाल तर बेळगावचा सुवासिक बासमती आणा. येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूरच्या शिवारातला हा तांदूळ उत्तरेकडच्या लांब बासमतीपेक्षा वेगळा, मऊ भाताचा आहे. चार माणसांना एका वेळेला साधारण ३०० ग्रॅम पुरतो. विकत घेताना मूठभर तळहातावर घेऊन चोळा, वास यायला हवा.

कोणत्या दिवसांत येऊ नये

कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात भरतं. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पोलीस, आंदोलक सगळे गावात असतात, लॉज आणि फ्लॅट आधीच अडकलेले असतात. तारीख जाहीर झाल्याबरोबर बुकिंग करा. गणपती विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते, शिवजयंतीच्या चित्ररथांचीही तीच गत. बाजारपेठेतला फ्लॅट असेल तर त्या रात्री गाडी बाहेर काढता येणार नाही आणि झोपही लागणार नाही. मिरवणूक बघायलाच आला असाल तर मात्र याच्यासारखी जागा नाही. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सव म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, दुसरीकडं मराठी भाषकांचा काळा दिन, शहरभर बंदोबस्त. त्या दिवशी प्रवास ठेवू नका, दूध-भाजी आदल्या दिवशीच भरून घ्या.

बसबद्दल एक. कर्नाटकाच्या बसमधला महिलांचा मोफत प्रवास राज्यातल्या रहिवासी महिलांनाच आहे. महाराष्ट्राचं आधार असेल तर तिकीट काढावं लागतं. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवा.

निघताना

कुंदा निघायच्या दिवशीच घ्या. ‘आज केलेला आहे का?’ असं सरळ विचारा, कुणाला वाईट वाटत नाही. चांगला कुंदा रवाळ, ओलसर आणि तपकिरी असतो. तो रंग दूध-साखर हळूहळू आटवल्यानं येतो. बोटांत दाबल्यावर तुपाचा ओघळ आला किंवा कोरडा भुगा झाला तर घेऊ नका. खव्याच्या जातीचा पदार्थ आहे, उन्हाळ्यात रात्रीच्या बसला ठीक, पण घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र निर्धास्त न्या, कोरड्या जागी बरेच दिवस टिकतात. पावसाळ्यात डब्याच्या तळाला कागद घाला.

मांडे न्यायचे असतील तर ते सगळ्यांत शेवटी घ्या. उपड्या खापरावर भाजलेली ती कागदासारखी पातळ पोळी गरम असतानाच घडी घालतात, गार झाली की कुरकुरीत होते आणि मग बोटाच्या धक्क्यानं मोडते. पिशवीत घालू नका. पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात, एकावर एक चार-पाचपेक्षा जास्त नाहीत, मध्ये कागद, आणि खोकं गाडीत मांडीवर. डिकीत ठेवलेल्या मांड्यांचा निपाणीपर्यंत चुरा होतो. झालाच चुरा, तर वाटीत घेऊन वर गरम दूध घाला.